कडता

कांदा-बटाटा मार्केटात एकतीस वर्षं मी तोलणार होतो.
काट्यावर पहिली गोण चढली की 'एक' म्हणत नाहीत,
'लाभ' म्हणतात.
लाभ, दोन, तीन…
लाभ कुणाचा, हे काट्याला विचारायची पद्धत नव्हती.

गोण भरायची पन्नास, मी ओरडायचो अठ्ठेचाळीस.
दोन किलो कडता.
मातीचा, ओलीचा, आत एखादा सडका निघेल त्याचा.
बऱ्याचदा निघायचा नाही.
तरी ओरडायचो. आवाज चांगला होता माझा,
फळबाजाराच्या गेटपर्यंत जायचा.

हे आधीच सांगून टाकतो, कारण आता मी
दारोदार सह्या मागत फिरतोय
आणि कोपरखैरण्यात मला ओळखणारे पुष्कळ आहेत.

बरोबर कल्पिता म्हात्रे असते, सारसोळ्याची.
नर्स आहे, अकरा-अकरा महिन्यांची.
तिच्या वॉर्डात एका पेटीत दोन बाळं ठेवतात,
ते ती कुणाला सांगत नाही, मलाही एकदाच सांगितलं.
कागद तिच्याकडे, हिशोब माझ्याकडे.

'शंभर कोटींच्या वर ज्याची मालमत्ता,
त्या वरच्या भागावर राज्याने दरसाल शेकडा दोन घ्यावेत.'
ती वाचते. लोक मान हलवतात,
लाइट बिलाच्या मागचा मजकूर ऐकल्यासारखी.

'शंभर कोटी म्हणजे किती हो?'
पोळीभाजी केंद्रातल्या शकुंतलाबाईंनी विचारलं,
लाटणं न थांबवता.

मग मी तोलतो.
पाचशेची नोट एक ग्रॅमची धरा.
शंभर कोटी म्हणजे चाळीस गोण्या,
पन्नास किलोच्या, शिगोशीग.
त्या राहू द्या त्याच्याकडे. हात लावायचा नाही.
त्यावर आणखी जितक्या असतील
तितक्यांतून गोणीमागे एक किलो.
एक.
मी दोन कापायचो.

लाटणं थांबलं.
'घरपट्टी भरते मी, पाणीपट्टी भरते,
पोळ्या बांधायच्या कागदावरसुद्धा भरते.
आण इकडं.'
सहीवर पीठ सांडलं. कल्पिता म्हणाली, राहू दे तसंच.

रिक्षास्टँडवर रेवणनाथ म्हणाला,
'आणि उद्या मीच झालो शंभर कोटीवाला तर?'
तर तुझ्या पहिल्या चाळीस गोण्या मी फुकट वाहीन, म्हटलं.
केली सही, पण जरा नाराजीने,
खिशातून खरंच किलोभर गेल्यासारखी.

'पळून जातील ते. दुबईला.'
हे सगळ्यात जास्त ऐकलं.
बाबांनो, पाठीवर काय जातं आणि काय जात नाही
ते माथाड्याला विचारा.
पन्नास किलो जातं. शंभर, एकदा, पैजेवर, गेलं.
पामबीचवरचे चाळीस मजले जात नाहीत.
त्यांच्या खिडकीतली खाडी जात नाही.
पायाखाली कल्पिताच्या आजोबांचं मिठागर आहे,
तेही नाही.

सही करा. अंगठा चालेल.
ज्याची गोण शिवण सोडायला आलीय
त्याच्याकडे किलोभर मागायला लाज कसली?
लाज मला वाटायला हवी होती,
एकतीस वर्षं.

काल एका टॉवरच्या गेटवर गेलो.
वॉचमन म्हणाला, रजिस्टर भरा.
नाव : हैबती शेडगे.
फ्लॅट नंबर : सगळे.
काम :
इथे पेन थांबलं.
देणगी नव्हे. मदत नव्हे. भीक तर नव्हेच.
लिहिलं, कडता.

'हे काय असतं?' त्याने विचारलं.
सांगितलं. सांगेपर्यंत दोन गाड्या आत गेल्या,
दोघींना त्याने सलाम ठोकला.
इंटरकॉमवर वरून नकार आला, अगदी सभ्य.

वॉचमनने आमचा कागद ओढला,
कॅमेऱ्याकडे पाठ केली,
आणि रजिस्टरच्याच पेनने, दोरीला बांधलेल्या,
दोरी पुरली तेवढ्यात सही केली.

'कितवी?' आकडा टाकायला कल्पिताने विचारलं.
चारशे बारावी होती.
माझ्या तोंडून गेलं,
लाभ.